बत्तीस डोकी

सकाळच्या पहिल्या गाडीतून बाई उतरल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, घडीची छत्री, एक टॉर्च आणि एका जुन्या सहलीचं वेळापत्रक होतं. वेळापत्रक सव्वीस वर्षांपूर्वीचं. आठ वाजता वेस, नऊ वाजता घंटेचा चौक, अकराला मनोरा, साडेतीनला खालचं घर, पाचला फोटो, साडेपाचला परत. घड्याळात आठला पाच कमी होते. बाई भराभर वेशीकडे निघाल्या. वेळेच्या बाबतीत त्या कुणाची गय करत नसत, स्वतःची तर मुळीच नाही.

शहर फार जुनं आणि फार पवित्र होतं. गल्ल्यांतले दगड चालणाऱ्यांच्या पावलांनी मधोमध खोलगट झाले होते. वेशीतून यात्रेकरूंची रीघ लागली होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी मागायला आल्याची ओढ होती. बाईंना मागायचं काही नव्हतं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि तिचं उत्तर मिळाल्याशिवाय परतीची गाडी धरायची नाही असं त्या घरून ठरवूनच निघाल्या होत्या.

सव्वीस वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गाची बत्तीस मुलं घेऊन त्या इथे आल्या होत्या. बत्तीस आणली, निघताना बत्तीस मोजली, आणि घरी पोचली एकतीस. शाळेच्या पटांगणात आईबाप आपापलं पोर घेऊन गेले आणि शेवटी एक आई हातात स्वेटर धरून गाडीच्या दाराशी उभी राहिली. तिची मुलगी हजेरीत एकोणीस नंबरची. दोन वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं, आणि प्रश्न विचारून बाईंना भंडावून सोडण्यात पटाईत.

मग व्हायचं ते सगळं झालं. शोध झाला, चौकशी झाली, कागद रंगले. मनोऱ्यापासून तळघरापर्यंत सगळं शहर पालथं घातलं, पण मुलगी मिळाली नाही. बाई प्रत्येक वेळी एकच सांगत राहिल्या, मी निघताना प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजलं, बत्तीस भरली. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'एकतीसबाई' पडलं. शिकवणाऱ्यांच्या जिभेला तर मुळीच हाड नसतं. बाई पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या, पण कुठल्याही वर्गाला घेऊन त्या शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत.

मुलीची आई मात्र कधी वाईट बोलली नाही. दरवर्षी त्याच तारखेला ती बाईंकडे यायची, चहा घ्यायची, आणि उठताना विचारायची, "नीट मोजलं होतंत ना, बाई?" बाई म्हणायच्या, "हो." यंदा तिने चहाला हात लावला नाही. म्हणाली, "पुढच्या वर्षी मी येणार नाही. दमले आता. तुम्हीच एकदा जाऊन बघून या." तिने आरडाओरडा केला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. दार लावून त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या, कारण आपलं ते 'हो' खरं की खोटं हे त्यांचं त्यांनाच आता सांगता येत नव्हतं.

तर बाई वेशीत आठला होत्या आणि घंटेच्या चौकात नऊला. चौकात त्यांनी माळा विकणाऱ्या बाईला विचारलं, पाणपोईवाल्याला विचारलं, पायऱ्या धुणाऱ्यांना विचारलं. इतक्या जुन्या गोष्टीचं कुणाला काय आठवणार? पाणपोईवाला म्हणाला, "ताई, इथे रोज हजार माणसं हरवतात आणि संध्याकाळपर्यंत सापडतातही." बाईंनी त्याचे आभार मानले आणि पुढे निघाल्या. पुढच्या बोळात त्यांना फोटोवाल्याचं दुकान उघडं दिसलं. वेळापत्रकात फोटो सगळ्यात शेवटी होता. बाई दारात क्षणभर घुटमळल्या, मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी वेळापत्रक मोडलं.

फोटोवाला म्हातारा होता, चष्म्याच्या दोन्ही काड्या दोऱ्याने बांधलेल्या. त्याने शाळेचं नाव विचारलं, साल विचारलं, आणि मागच्या कपाटाचे खण ओढू लागला.

"न्यायला कुणी आलं नाही तरी मी फोटो टाकून देत नाही," तो म्हणाला. "माणसं उशिरा येतात, पण येतात."

त्या दिवशी मोठ्या पायऱ्यांवर त्यानेच वर्गाचा फोटो काढला होता. खालच्या घरातून सगळे वर आल्यावर. पुढच्या धांदलीत तो मागवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाकीट निघालं. बाईंनी फोटो टेबलावर सरळ ठेवला, भिंग मागून घेतलं आणि आधी डोकी मोजली. बत्तीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग डावीकडून, मग उजवीकडून. बत्तीसच. बाईंचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. मी बरोबर मोजलं होतं, त्या मनाशी म्हणाल्या, मी खोटं बोलले नाही.

मग त्यांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नंबर लावायला सुरुवात केली. हा एक नंबर, पडलेल्या दातांचा. ही सात, ही सातची जुळी बहीण आठ. हा सोळा, आता डॉक्टर आहे. नंबर लागत गेले, बोट सरकत गेलं. एकोणीस नंबरची मुलगी फोटोत नव्हती. बाकीचे एकतीस सगळे होते. आणि तरी दुसऱ्या रांगेच्या टोकाला एक मुलगी उरली होती, जिला नंबर नव्हता.

तिच्या अंगावर शाळेचाच गणवेश होता. मावळतीचं ऊन समोरून येत होतं, त्यामुळे सगळ्या मुलांनी डोळे बारीक केले होते. तिने केले नव्हते. ती उघड्या डोळ्यांनी सरळ बघत होती.

"ही तुमची मुलगी का?" फोटोवाल्याने खांद्यावरून वाकून विचारलं.

"मला मुलगी नाही."

"मग भाची असेल. कपाळ, हनुवटी… सगळं तुमचंच आहे."

बाईंना तेव्हा दुसरंच आठवत होतं. कधीच कुणाला न सांगितलेलं. त्या संध्याकाळी गाडीवाला हॉर्न वाजवत होता, मुलं पेंगुळली होती, आणि त्या रांगेतून डोक्यांवर हात ठेवत चालल्या होत्या. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. त्यात एक डोकं गार लागलं होतं. विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीसारखं गार. त्यांना वाटलं, पोराने नळाखाली डोकं धरलं असेल. हात पुढच्या डोक्यावर गेला, आणि आकडा भरला.

फोटो पाकिटात घालून बाई बाहेर पडल्या. त्यांनी पिशवी छातीशी धरली. आता परत फिरावं, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. आकडा बरोबर होता हे कळलं, पुरावा हाती आला, आईला दाखवता येईल. पण आईने आकडा मागितला नव्हता, तिला मुलगी हवी होती. बाईंनी मनोऱ्याला फाटा दिला आणि खालच्या घराची वाट विचारली.

खालचं घर म्हणजे जमिनीखालचं प्रार्थनेचं दालन. शहराचे पहिले रहिवासी तिथे अंधारात बसून देवाचं नाव घेत, असं सांगतात. वर आहे ती फक्त एक बुटकी खोली, तिला एकच जाड दार, आणि दारामागे एकसष्ट पायऱ्या. दाराशी दगडी वाडगा घेऊन राखणदार बसतो. आत जाणाऱ्या प्रत्येकामागे तो वाडग्यात एक पांढरा खडा टाकतो, बाहेर येणाऱ्या प्रत्येकामागे एक काढतो. बाई पोचल्या तेव्हा गर्दी होती. समोरच्या ओट्यावर बसून त्यांनी माणसं आत जाताना आणि बाहेर येताना पाहिली, एकही माणूस नजरेतून सुटू दिला नाही. उन्हं कलली, शेवटचं जोडपं डोळे चोळत वर आलं, राखणदाराने दोन खडे काढले आणि वाडगा पालथा करून झटकला. तेव्हा बाई उठल्या.

"आता बंद, ताई. उद्या या," राखणदार म्हणाला. साठीचा, अंगाने बारीक, आवाज मऊ.

"मला पाच मिनिटं पुरतील," बाई म्हणाल्या, आणि कोण, कधी, कशासाठी ते त्यांनी त्याला सांगितलं. काही लपवलं नाही. गार डोक्याचंही सांगितलं.

राखणदार बराच वेळ वाडग्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"तेव्हा माझे वडील बसायचे इथे," तो म्हणाला. "मी शेजारी होतो. तेहतीस खडे पडले होते. बत्तीस मुलं आणि तुम्ही. तेहतीस निघाले. वाडगा रिकामा झाला म्हणून वडिलांनी कुलूप लावलं. चौकशीतही त्यांनी तेच सांगितलं."

"पण वर आलं ते कोण?"

"आम्ही खडे मोजतो, ताई. माणसं ज्याची त्याने ओळखायची."

ते खरं होतं. चौथीच्या मुलांना बाई रोज सकाळी नंबर पुकारून उभं करायच्या, 'हजर' ऐकल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. आणि नेमक्या त्या संध्याकाळी, उशीर झाला म्हणून, त्यांनी हजेरी घेतली नाही. नुसती डोकी मोजली.

"खाली कुणी असतं का?" त्यांनी विचारलं.

"रोज झाडतो मी. कुणी नसतं." त्याने वाडगा जवळ ओढला. "पण झाडताना मी बोलत नाही. वडील सांगून गेलेत, खाली कुणाला हाक मारायची नाही. हाक मारली की ओ येते… आणि ती कुणाची, ते कळत नाही."

"मला हाक मारायची नाहीये," बाई म्हणाल्या. "मला हजेरी घ्यायची आहे. राहून गेली होती."

राखणदाराने त्यांच्याकडे बघितलं. समोरची बाई ऐकणाऱ्यातली नाही हे त्याने ओळखलं असावं. त्याने एक खडा वाडग्यात टाकला.

"दोन टाका," बाई म्हणाल्या.

"तुम्ही एकट्या आहात."

"जाताना."

तो हलला नाही. तेव्हा बाईंनीच वाडग्याशेजारच्या ढिगातून एक खडा उचलला आणि वाडग्यात सोडला. तो टणकन वाजला. राखणदाराने तो काढला नाही, पण तोंड फिरवून घेतलं.

"तुमच्या जबाबदारीवर," तो पुटपुटला.

"ती तेव्हाही माझीच होती," बाई म्हणाल्या आणि टॉर्च लावून खाली उतरल्या.

पायऱ्या उंच होत्या. दर पायरीला बाईंचे गुडघे कुरकुरत होते. विसाव्या पायरीपर्यंत वरच्या बोळातली वर्दळ ऐकू येत होती, मग ती तुटली. जुन्या तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास येऊ लागला. एकसष्टाव्या पायरीवर भिंत संपली आणि टॉर्चचा झोत मोकळ्यावर पडला. गोल दालन, भिंतीला लागून दगडी बाक, मध्ये झाडलेली स्वच्छ फरशी. सगळीकडे त्यांनी उजेड फिरवून पाहिला. कुणी नव्हतं.

बाई दालनाच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी घसा साफ केला.

"एक," त्या म्हणाल्या.

आवाज घुमला नाही. कुठेतरी मुरल्यासारखा गेला.

"दोन… तीन… चार…"

उत्तर येत नव्हतं. तरी दर नंबरानंतर त्या वर्गात थांबायच्या तेवढ्या थांबत होत्या. नऊ नंबरापाशी त्यांच्या मानेवर काटा आला. वर्ग रिकामा आहे की वर्ग गप्प बसला आहे, हे बाईंना फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. पस्तीस वर्षांची ती सवय होती आणि तिने कधी दगा दिला नव्हता. हा वर्ग रिकामा नव्हता. बाकांवर कुणीतरी ओळीने, श्वास धरून बसलं होतं.

बाईंना पळावं असं फार वाटलं. पण हजेरी न घेता निघून जायचं त्यांनी एकदा केलं होतं.

"पंधरा," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, तो त्यांनी सावरला. "सोळा… सतरा… अठरा…"

त्या थांबल्या.

"एकोणीस."

काही क्षण काहीच नाही. मग डाव्या हाताच्या बाकावरून, अगदी हळू,

"हजर, बाई…"

टॉर्चच्या उजेडात ती बसली होती. दोन वेण्या. गुडघ्यावरची खपली अजून ओली. उजेड तोंडावर पडताच तिने डोळे मिचकावले आणि हात आडवा धरला. बाईंना हुंदका आला. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला. डोकं ऊबदार होतं, घामाने किंचित ओलसर, लहान मुलांचं असतं तसं.

"तुम्ही माझा नंबर घेतलाच नाहीत," मुलगी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. "मी केव्हाची हजर म्हणतेय."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "चल. आई वाट बघतेय."

त्यांनी तिचा हात घट्ट धरला, टॉर्च पायऱ्यांकडे वळवली आणि मागे वळून पाहिलं नाही. बाकांवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा एकदा. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. पायऱ्या संपता संपणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं, पण त्या भराभर चढून गेल्या. दम लागला नाही. गुडघे दुखले नाहीत. मुलीच्या पावलांचा आवाज तेवढा दगडावर वाजत होता.

दारातून दोघी बाहेर आल्या. राखणदाराने मुलीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात सवयीने वाडग्यात गेला. त्याने एक खडा काढला, मग दुसरा, आणि रिकामा वाडगा पालथा घातला. मग दार ओढून कडी घातली आणि कुलूप अडकवलं.

"आकडा जुळला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बोळात मावळतीचं ऊन होतं. मुलीने आपला हात सोडवून घेतला आणि फ्रॉकला पुसला.

"तुमचा हात गार आहे," ती म्हणाली.

"खाली गारठा होता."

मुलगी त्यांच्याकडे वर मान करून बघत राहिली. एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"बाई कुठायत?" तिने विचारलं.

"अगं, मीच बाई. सव्वीस वर्षं झाली बाळा, म्हणून ओळखत नाहीस."

मुलीने मान हलवली. "नाही. बाई खाली आहेत. त्यांनी मला पुढे हो म्हटलं. त्यांची हजेरी व्हायचीय अजून."

तेव्हा तो आवाज ऐकू आला. जाड दारामागून, एकसष्ट पायऱ्यांच्या तळातून, तरीही स्वच्छ. वर्गात पोचवण्याची सवय असलेला, जराही न घाबरलेला आवाज.

"वीस… एकवीस…"

त्यांनी तो ओळखला. पस्तीस वर्षं तो त्यांच्याच गळ्यातून निघत होता.

"कुलूप काढा," त्या राखणदाराला म्हणाल्या.

"खाली कुणी नाही, ताई. वाडगा रिकामा आहे."

"काढा म्हणते ना. मी इथून हलणार नाही." त्यांनी कडीला हात घातला आणि ओढायला लागल्या. लोखंड उन्हाने तापलेलं असायला हवं होतं. त्यांच्या हाताला ते ना गरम लागलं ना गार.

"सत्तावीस… अठ्ठावीस…" प्रत्येक नंबरानंतर आवाज थांबत होता, वर्गात थांबायचा तेवढाच. आणि आता दर वेळी खालून कुणीतरी बारीक आवाजात उत्तर देत होतं. राखणदार भिंतीला पाठ टेकून कान झाकून बसला. मुलगी दाराकडे तोंड करून सरळ उभी राहिली, नंबर चालू असताना उभं राहायचं असतं तशी.

"एकतीस… बत्तीस…"

पट संपला. वर्गात बत्तीसच मुलं होती, बत्तिसाच्या पुढे त्यांनी कधी कुणाला पुकारलं नव्हतं. त्यांनी कडी सोडली आणि श्वास रोखून ऐकलं. दारामागे बराच वेळ शांतता होती. मग तोच आवाज, आता अगदी दाराशी आल्यासारखा जवळून, म्हणाला,

"तेहतीस."

मुलगी वळून त्यांच्याकडे बघू लागली. त्यांनी ओठ घट्ट मिटले, दातांवर दात दाबले, हाताने तोंड झाकलं. तरीही आवाज निघालाच.

"हजर, बाई," त्या म्हणाल्या.